नारळ बोडका करू नका
वादळाआधी माडाच्या सगळ्या झावळ्या उतरवा असं काही जण सांगतात, ते काही पटलं नाही बुवा. सुकलेल्या, लोंबणाऱ्या झावळ्या आणि तयार नारळ काढा, बास. हिरव्या झावळ्या मधल्या कोंबाला आधार देतात आणि तो मोडला की माड संपला.

पण आडवं झालेलं झाड लगेच तोडू नका हे कोणीच सांगत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या दिवेआगरच्या वाडीत सुपारीची झाडं मधूनच मोडली, ती गेलीच, पण हापूसचं एक तरणं कलम मुळासकट कललं होतं, उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाकलं, निम्म्या फांद्या छाटल्या आणि दोन दिवसांनी चौघांनी दोर लावून उभं केलं, दोर सालीला काचू नये म्हणून मध्ये सायकलची जुनी ट्यूब. अजून आहे, जरा तिरकं.