मदत हवी आहे : वडिलांना लोकल, मेट्रो आणि बससाठी कोणते ॲप सोयीचे पडेल?

नमस्कार. माझे वडील सत्तरीचे असून ते डोंबिवलीहून लोकलने घाटकोपरला, तिथून मेट्रोने अंधेरीला आणि पुढे बेस्टच्या बसने काकांकडे जातात. त्यांचा अँड्रॉइड फोन जुना आहे, जागा जेमतेम उरली आहे आणि चष्म्याशिवाय त्यावरचे बारीक अक्षर त्यांना वाचता येत नाही.

लोकलच्या वेळापत्रकासाठी एम-इंडिकेटर हे ॲप त्यांना जमते, कारण ते इंटरनेटशिवायही उघडते. खरी अडचण तिकिटाची आहे. रेल्वेचे मोबाइल तिकीट फलाटावर पोहोचल्यावर नेहमीच्या पद्धतीने काढता येत नाही. ते आधीच काढून ठेवावे लागते, आणि थरथरत्या हाताने ते साधेलच असे नाही. त्यामुळे ते अजून खिडकीपुढेच रांग लावतात. (सुट्ट्या पैशांवरून होणारा वाद हा त्यांचा आवडीचा विषय आहे, ते वेगळे.)

बसचे म्हणाल, तर एका ॲपवर 'दोन मिनिटांत' दिसणारी बस नकाशावर एकाच चौकात खिळून राहते आणि मग एकाएकी नाहीशी होते.

नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड (मेट्रो, बस अशा प्रवासांसाठी चालणारे एकच कार्ड) घ्यावे, असे मनात आहे. परंतु ऑनलाइन भरलेली रक्कम कार्डाच्या चिपवर घेण्यासाठी ते पुन्हा यंत्राला लावावे लागते, हे वडिलांना कसे समजवावे? घरातल्या ज्येष्ठांसाठी हे कार्ड कुणी मेट्रो आणि बस दोन्हींत नियमित वापरत असल्यास कृपया अनुभव कळवावा. मराठीत चालणारे, मोठ्या अक्षरांचे आणि कमी जागा घेणारे बसचे ॲप माहीत असल्यास तेही सुचवावे.