उबुंटू लॅब: आपोआप अपडेट येत नाहीत, वर लॉकचा एरर

लॅबवाला:
विद्यापीठाच्या लॅबमध्ये उबुंटू २२.०४ ची ४० मशीन आहेत, अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप टाकणारी सोय) सगळीकडे चालू. सुडोला (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणाऱ्या साधनाला) ‘-ई’ लावून, म्हणजे माझ्या लॉगिनची सेटिंग सोबत नेऊन, हाताने अपडेट केलं तर होतं, आपोआप मात्र काहीच येत नाही. नेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत. रात्री मेन स्विच बंद असतो. त्यात सकाळच्या पहिल्या प्रॅक्टिकलला काही इन्स्टॉल करायला गेलं की कधीकधी डीपीकेजीचं (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचं) लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा ताबा, मिळत नाही.

टर्मिनलकर:
‘-ई’ लावावं लागतंय, तिथेच घोटाळा आहे. तुमची प्रॉक्सी बॅशआरसीत (शेलच्या सेटिंग फाइलमध्ये) आहे, म्हणजे फक्त तुमच्या लॉगिनपुरती. आपोआपचं काम सिस्टमडीचा (सिस्टमच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचा) टायमर रूट, म्हणजे मुख्य ॲडमिन, म्हणून करतो, त्याला ती दिसतच नाही. ईटीसी, त्यात एपीटी (पॅकेज उतरवणाऱ्या प्रोग्रामचा फोल्डर), त्यात एपीटी.कॉन्फ.डी, इथे ‘९५प्रॉक्सी’ नावाची फाइल करून ‘ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी’ची ओळ टाका, पत्ता आणि पोर्ट दुहेरी अवतरणात, शेवटी अर्धविराम. एचटीटीपीएसची ओळ वेगळी. अर्धविराम राहिला तर हाताने होणारं अपडेटही बंद पडेल.

मग ‘-ई’ न लावता आधी एपीटी अपडेट, नंतर अनअटेंडेड-अपग्रेड ड्राय-रन (काही न बसवता चाचणी) आणि डीबग (तपशील दाखवणारा पर्याय) लावून चालवा. हा क्रम उलटा करू नका. ड्राय-रन पॅकेजच्या याद्या ताज्या करत नाही.

रूटकाका:
लॉकचं कारण वेळ. अपग्रेडचा टायमर सकाळी ६ चा, वर ६० मिनिटांपर्यंत रँडम उशीर. मशीन तेव्हा बंद, आणि ‘पर्सिस्टंट’ चालू असल्याने चुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर तासाभरात कधीतरी सुरू होतं. नेमकं प्रॅक्टिकलमध्ये, आणि ते संपेपर्यंत लॉक त्याच्याकडे.

‘सिस्टमसीटीएल एडिट’ने (टायमरची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) एपीटी-डेली (याद्या आणि पॅकेज उतरवणारा टायमर) दुपारी १२ ला आणि एपीटी-डेली-अपग्रेड (ती बसवणारा) १ ला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत न्या. नव्या वेळेआधी ‘ऑनकॅलेंडर=’ अशी रिकामी ओळ हवीच, नाहीतर जुनी वेळही राहते. पर्सिस्टंट बंद करा. रँडम उशीर पहिल्याला ३० मिनिटं, दुसऱ्याला १५. शून्य केलात तर ४० मशीन एकदम प्रॉक्सीवर तुटून पडतील.

ऑटोमॅटिक-रीबूटला हात लावू नका. मुळात ते बंदच असतं, आणि रोज मशीन बंद होतात म्हटल्यावर नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) दुसऱ्या दिवशी लागू होतोच. एनव्हिडिया कार्ड असतील तर ड्रायव्हर पॅकेज-ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप अपडेट न करायच्या यादीत) टाका. चालू मशीनवर तो बदलला की जुनं मॉड्यूल आणि नवी लायब्ररी जुळत नाही, रीबूटपर्यंत कूडा (कार्डावर गणितं चालवणारी सोय) बंद. आणि शिपायाला सांगा, शटडाउन पूर्ण झाल्याशिवाय मेन स्विच नाही. इन्स्टॉल अर्धवट राहिलंच तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा.

लॅबवाला:
३७ मशीनवर अपडेट लागले. तीन वायफायवर आहेत, तिथे ‘नोस्प्लिट’ असा एरर.

टर्मिनलकर:
ती तीन प्रॉक्सीपर्यंत पोचतच नाहीत. वायफायचं लॉगिन पान मधे येतंय, एपीटीला सही केलेल्या फाइलऐवजी एचटीएमएल मिळतंय. केबल ओढा, किंवा नेटवर्कवाल्यांकडून त्या तीन मशीनना लॉगिनमधून सूट घ्या.