कुक्षी, परागासन की वर्तिकाग्र? फुलाच्या अवयवांची नावं

रावपुरेकर

माझा मुलगा बडोद्यात गुजराती माध्यमात दहावीला आहे, आणि नणंदेची मुलगी नाशिकला मराठी माध्यमात, तीही दहावीलाच. दोघं व्हिडिओ कॉलवर एकत्र अभ्यासाला बसतात. गणितात काही अडत नाही, पण फुलाच्या धड्यावर गाडी अडली. दोघांसमोर जास्वंद, दोघांच्या वहीत आकृतीही तीच, आणि नावं मात्र जुळता जुळेनात. ती म्हणते कुक्षी, हा म्हणतो परागासन. तिचा कुक्षीवृंत, ह्याची परागवाहिनी. तिचं अंडाशय, ह्याचं बीजाशय. तिचं बीजांड, ह्याचं अंडक. पाकळ्यांखालच्या हिरव्या पानांना ती निदल म्हणते, हा वज्रपत्र. पुंकेसर (फुलाचा नर अवयव) आणि स्त्रीकेसर (मादी अवयव) एवढ्यावरच काय ते एकमत.

पंच म्हणून मला ओढलं गेलं. मी मराठी घरातली, पण शिकले गुजरातीत, त्यामुळे ‘कुक्षी’ मलाच नवीन. सासूबाईंनी तर “पाकळी, देठ, पराग, एवढ्यात फूल संपतं” असा निकाल देऊन टाकला! जाणकारांनी सांगावं: हे सगळे शब्द संस्कृतच ना? मग एकाच वस्तूला इतकी वेगळी नावं का? आणि यातलं बरोबर कोणतं?

जुना मास्तर

रावपुरेकर ताई, परीक्षेपुरतं उत्तर सोपं आहे. ज्याच्या पुस्तकात जे छापलंय तेच त्यानं लिहावं. बाकी प्रश्नाला थोडा वेळ लागेल, कारण तुम्ही दोनच भाषांची नावं दिलीत. मराठी विश्वकोश उघडलात तर तिसराच संसार दिसेल. तिथे निदलपुंजाला (सगळी निदलं मिळून) संवर्त म्हटलंय, दलपुंजाला (सगळ्या पाकळ्या मिळून) पुष्पमुकुट, पुंकेसराला केसरदल, आणि स्त्रीकेसराच्या भागांना, म्हणजे अंडाशय, कुक्षीवृंत आणि कुक्षी यांना, अनुक्रमे किंजपुट, किंजल, किंजल्क. बीजांडाला बीजक. म्हणजे नाशिकची भाची उद्या कॉलेजात जाऊन विश्वकोशातली ‘फूल’ ही नोंद वाचायला बसली, तर मराठीतून मराठीत भाषांतर करावं लागेल तिला.

आता कुक्षीकडे येऊ. संस्कृतात कुक्षि म्हणजे पोट, उदर, गर्भाशय. आपली ‘कूस’ त्यातूनच आली. आणि फुलात कुक्षी कुठे असते? पार शेंड्याला! जास्वंदीच्या लांब दांड्याच्या टोकाला पाच लाल मखमली ठिपके असतात, तीच कुक्षी. परागकण येऊन चिकटतात ते तिथे. गर्भ धरणारी खरी कूस तर खाली, फुलाच्या बुडाशी, अंडाशयात. वर्गात मी ‘कुक्षी’ म्हटलं की संस्कृत घेतलेली मुलं हमखास खालच्या फुगीर भागाकडे बोट दाखवायची. त्यांचं चुकत नव्हतं, शब्दच चुकीच्या जागी बसवलाय.

परागासन मात्र ऐकताक्षणी कळतं: परागाचं आसन, पराग येऊन बसतो ती जागा. समजावताना हा शब्द मराठीतही बिनदिक्कत वापरावा असं माझं मत. पण म्हणून गुजरातीचं सगळंच सरस असंही नाही. ‘परागवाहिनी’ घ्या. नाव ऐकून वाटतं, त्या नळीतून परागकण वाहत खाली जातात. तसं होत नाही. परागकण वरच राहतो. त्याला एक बारीक परागनलिका फुटते, ती दांड्यातून खाली वाढत जाते आणि तिच्यातून पुंयुग्मके (नर पेशी) बीजांडापर्यंत पोचतात. इथे आपला कुक्षीवृंत बरा. कुक्षीचा देठ म्हणतो आणि गप्प बसतो. वज्रपत्राचंही तेच. वज्र म्हटलं की इंद्राचं आयुध डोळ्यांपुढे येतं, आणि जास्वंदीचं ते लवलवीत हिरवं पान काही त्यात बसत नाही.

अंडाशय की बीजाशय, यात मी बीजाशयाच्या बाजूनं. एक तर अंडाशय माणसातही आहे, त्यामुळे मुलांच्या डोक्यात दोन्ही एकच होऊन बसतात. दुसरं असं की फलनानंतर या पिशवीचं फळ होतं आणि आतल्या बीजांडांच्या बिया होतात. नावात ‘बीज’ असलं की हे वेगळं पाठ करायला नको.

चाफेकळी

मास्तर, किंजल्क हा शब्द विश्वकोशात कुक्षीसाठी आहे हे वाचून दचकले. अमरकोशात कमळाच्या वर्णनात “किञ्जल्कः केसरोऽस्त्रियाम्” असं आहे. म्हणजे किंजल्क आणि केसर एकच, फुलातले तंतू. मग किंजल्क स्त्रीकेसराच्या टोकावर कसा जाऊन बसला? त्यात ‘अस्त्रियाम्’ असं स्पष्ट म्हटलंय!

जुना मास्तर

हा हा, ‘अस्त्रियाम्’ म्हणजे तो शब्द स्त्रीलिंगात चालत नाही, एवढंच. व्याकरणाचं लिंग ते, फुलाचं नव्हे. पण मुद्दा बरोबर. जुन्या संस्कृतात केसर म्हणजे केसासारखं जे काही ते, सिंहाची आयाळसुद्धा केसरच. त्यातला नर तंतू कुठला आणि मादी तंतू कुठला हा भेद त्या शब्दात नव्हता. फुलांना लिंग असतं हे प्रयोग करून मांडलं ते जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या कामेरारियसनं, 1694 साली. त्यानंतर जगभर नर-मादी अवयवांना वेगवेगळी नावं लागायला लागली. आपल्याकडच्या परिभाषाकारांनी जुनी पोतडी उघडली आणि जो शब्द ज्याच्या हाती लागला तो त्यानं आपल्या जागी डकवला. केसर नराकडे गेला, उरलेला किंजल्क मादीकडे. कोणी पुं आणि स्त्री अशी उपपदं लावून एकाच केसराचे दोन केले. तुमच्या मुलांचं जिथे एकमत झालं ते नेमके हेच दोन शब्द, कारण ते फोड करून कळतात.

पुमंग आणि जायांग हेही तसेच. पुम् म्हणजे पुरुष, जाया म्हणजे बायको. पुंकेसरांचं मंडळ ते पुमंग, स्त्रीकेसरांचं ते जायांग. निदलातला ‘नि’ मात्र ‘निर्’ नव्हे. बिनपाकळीचं असा अर्थ घेऊ नये. नि म्हणजे खाली, पाकळ्यांच्या खालचं.

इंदुरी भुट्टा

आमच्या इंदूरला मुलं हिंदीत शिकतात, तिथे कुक्षीला वर्तिकाग्र आणि कुक्षीवृंताला वर्तिका. वर्तिका म्हणजे वात. समईतली वात आणि तिचं टोक! शब्द म्हणून मला हाच सगळ्यांत गोड वाटतो, भले तो काम सांगत नसेल.

आणि आमच्या सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कणीस सोलताना वैतागून जे केस ओढून टाकतो, त्या सगळ्या वर्तिकाच. एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. परागनलिकेला त्या केसाची अख्खी लांबी पार करून जावं लागतं, तेव्हा कुठे दाणा भरतो. कणसात मध्येच दाणे नसलेली बोळकी जागा दिसली तर बऱ्याचदा समजावं, त्या केसांवर परागच पडला नाही. वरचा तुरा म्हणजे मक्याची नर फुलं. तुरा वर, कणीस खाली, पराग वाऱ्यावर.

रावपुरेकर

हे मस्त! मुलाला वाचून दाखवलं. त्याचा प्रश्न: केशर म्हणजे पुंकेसर का? दुधात घालतो ते?

चाफेकळी

मला सांगू दे. नाव केसर असलं तरी दुधात पडतं ते स्त्रीकेसराचं टोक, म्हणजे तुमच्या मुलाचं परागासन. केशराच्या जांभळ्या फुलात तीन लाल तंतू असतात, तेवढेच खुडून वाळवतात. त्याच फुलात पिवळे पुंकेसरही तीन असतात, पण त्यांना ना तो रंग ना तो वास. ते केशरात मिसळलेले दिसले तर माल हलका. ग्रॅमभर केशराला साधारण 150 फुलं लागतात, म्हणून तो भाव.

उलट आयुर्वेदातलं नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे खरेखुरे पुंकेसर. म्हणजे केशर मादीचं आणि नागकेशर नराचं. जुन्या ‘केसर’ शब्दाला दोन्ही चालतात, वर मास्तरांनी सांगितलंच.

बागवाली

शब्द राहू द्या बाजूला, आधी फूल बघा. बडोद्याच्या कमाटीबागेतली तोडू नका हं, घरच्या कुंडीतली घ्या. जास्वंदीची पाकळी नखानं बाजूला करा, मधली नळी उभी चिरा. बाहेरची लालसर नळी ही पुंकेसरांचे वृंत एकमेकांना चिकटून झालेली. तिच्यावर पिवळे दाणे लटकतात ते परागकोश. नळीच्या आतून एक पांढुरका दोरा काढता येतो, तो कुक्षीवृंत. दोरा न तोडता खाली खाली जा, शेवटी वाटाण्याहून लहान हिरवा गोळा लागेल. तो ब्लेडनं आडवा कापला की पाच कप्पे दिसतील आणि त्यात बारीक पांढरी बीजांडं. भिंग असेल तर उत्तमच.

निदलांच्याही खाली आणखी बारीक हिरव्या पट्ट्या असतात. मुलं त्यांनाही निदलात मोजतात. ती निदलं नव्हेत, छदकं ती, म्हणजे फुलाखालची छोटी पानं.

बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरतं, त्यामुळे पुढचा भाग तिच्यावर दिसायचा नाही. त्यासाठी तिची चुलत बहीण भेंडी. फूल तसंच, नळी तशीच. फूल गळून भेंडी झाली की समजायचं अंडाशयाचं फळ झालं. आडवी चिरा, कप्पे तेच, फक्त आता आत बिया.

भोपळ्याबद्दलही सांगते, कारण दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं की “फुलं ढीगभर येतात, सगळी वांझ”. वांझ नाहीत हो, ती नर फुलं. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली आधीपासूनच इवलासा भोपळा असतो, तेच अंडाशय. नर फुलाखाली नुसता देठ.

इंदुरी भुट्टा

आणि झेंडू? आमच्या शाळेत दसऱ्यानंतर झेंडूच आणायला सांगायचे. त्यात पुंकेसर सापडायचे नाहीत.

बागवाली

झेंडू हा शाळेसाठी सगळ्यांत वाईट. ते एक फूल नाहीच, फुलोरा आहे, पुस्तकी भाषेत पुष्पविन्यास. आपण जिला पाकळी म्हणतो ते एकेक फूल. एक ‘पाकळी’ ओढून काढा, बुडाशी काळी काडी येईल, ते अंडाशय. पुढे तिचंच बी. काडीच्या वरच्या टोकाला दोन फाट्यांचा पिवळा केस दिसतो, ती कुक्षी. कडेच्या फुलांत पुंकेसर नसतातच. ते हवे असतील तर मधली नळीसारखी फुलं शोधा, आणि भरगच्च झेंडूत तीही हाताला लागत नाहीत. खालचा हिरवा पेला निदलपुंज नव्हे, छदांचा (फुलांखालच्या पानांचा). म्हणजे फुलाचे चार मंडल शिकवायला जे फूल नको तेच हारातून स्वस्त मिळतं म्हणून आणवतात!

रावपुरेकर

सासूबाई आता चर्चेत उतरल्या आहेत. त्यांचा सवाल: केळफूल साफ करताना प्रत्येक फुलातली काडी आणि पापुद्रा काढतो, ती काडी म्हणजे तुमच्या भाषेत काय?

जुना मास्तर

त्यांना माझा नमस्कार सांगा. हाताला तेल लावून ज्या काडीशी झटापट करतात ती म्हणजे कुक्षीवृंत, आणि तिच्या डोक्यावरची गाठ म्हणजे कुक्षी. शिजत नाही, दाताखाली येते, म्हणून काढायची. पारदर्शक पापुद्रा हा पाकळीचाच भाऊ. जांभळी मोठी पानं, जी आपण एकेक करून सोलतो, ती पाकळ्या नव्हेत, छद. प्रत्येक छदाखाली फुलांचा झुबका, त्यातल्या घडाच्या सुरुवातीच्या मादी फुलांचीच पुढे फणी होते. काडी आणि पापुद्रा हे शब्द मी वर्गात वापरले असते तर अर्धी वेळ वाचली असती. मुलींनी हे सगळं घरात आईशेजारी बसून केलेलं असायचं, फक्त पुस्तकातलं नाव त्या काडीला जोडून द्यायचं राहायचं.

बडोदेकर म्हणून एक पुस्ती. सयाजीराव महाराजांच्या काळात 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. कचेरीचा एकेक शब्द गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी अशा भाषांत शेजारी शेजारी मांडून त्यातून बरा तो निवडलेला. तो राज्यकारभाराचा कोश, फुलांशी त्याचा संबंध नाही. पण शेजारच्या भाषेत बरा शब्द असेल तर डोकावून घ्यावा, ही रीत आपल्या गावाला नवी नाही. तेव्हा मुलांच्या वहीत तीन रकाने करा: मराठी, गुजराती, हिंदी. परागासन तिथून घ्या, परागवाहिनी तिथेच ठेवा.

चाफेकळी

रकान्यांत एक गोष्ट सांभाळा. ‘अंड’ आणि ‘बीज’ हे दोन तुकडे प्रत्येक भाषेनं वेगळ्या जागी लावलेत. मराठी बीजांड म्हणजे गुजराती अंडक, आणि ते बीजाशयात असतं. डॉक्टरी मराठीत ‘बीजांडकोश’ म्हणजे तर बायकांचं अंडाशय! शब्दाशेजारी आकृतीतला बाण नसेल तर घोळ ठरलेला.

रावपुरेकर

रकाने झाले. चौथा सासूबाईंनी करायला लावला, ‘स्वयंपाकघर’. त्यात काडी, पापुद्रा, कणसाचे केस आणि वांग्याची टोपी (ते निदलच ना?) आहेत. आता त्या लवंग घेऊन बसल्यात. तिचं काय लिहू?

बागवाली

वांग्याची टोपी निदलपुंजच. डाळिंबाचा मुकुटही तोच, आत डोकावलात तर सुकलेले पुंकेसरही दिसतील.

लवंग म्हणजे न उमललेली अख्खी कळी. चार टोकं ही निदलं, मधलं बोंड म्हणजे मिटलेल्या चार पाकळ्या, आणि खालच्या दांडीच्या वरच्या भागात अंडाशय. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी बोंड नखानं उचला. आत वाकून बसलेले पुंकेसर सुटे होतील आणि मधोमध एक बारीक सुई उभी राहील, तो कुक्षीवृंत. भिजवायला जरा जाड, बोंड शाबूत असलेली लवंग निवडा. डब्याच्या तळाशी उरलेल्यांची बोंडं बहुतेक गळालेली असतात.