मदत हवी आहे: बाबांचं बीपी उन्हाळ्यात फार उतरतंय, गोळी बंद करू का?

पऱ्हाटी: बाबा अकोल्यात, मी पुण्यात. तिकडे पारा ४४च्या पुढे. उठून उभे राहिले की त्यांना अंधारी येते. बीपी ९६/५८. आई म्हणते गोळी बंद करू, शेजारचे काका म्हणतात इलेक्ट्रॉल पाजा. डॉक्टर फोन उचलत नाहीत. लवकर सांगा!

चकलीचा सोऱ्या: कुठली गोळी? वय? शुगर? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

वऱ्हाडी झटका: गोळ्या-बिळ्या राहू द्या भाऊ. खिशात कांदा, डोक्याले दुपट्टा, घरी कैरीचं पन्हं. आमचे आबाजी नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांतही, वावरात जायचे.

रात्रपाळी: कांद्याने बीपी चढत नाही. उन्हात कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त तिकडे वळतं, घामातून पाणी-मीठ जातं. बीपी उतरतं आणि हृदयाला जास्त राबावं लागतं. त्यामुळे थंडीत बसवलेला डोस मे महिन्यात जड होऊ शकतो. पण आपल्या मनाने बंद करू नका. लघवीची गोळी आहे का? हृदयाचं पंपिंग किती, म्हणजे दर ठोक्याला ते किती टक्के रक्त पुढे ढकलतं?

पऱ्हाटी: अहो, बायपास झालेल्या माणसाला असतात त्याच गोळ्या! वय ७१. पंपिंग ३५. बीपी-हृदयाच्या मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, सकाळी लघवीची गोळी. पाणी दिवसाला दीड लिटरच सांगितलंय, जानेवारीत.

लसूणप्रेमी: रोज दोन पाकळ्या लसूण. कोलेस्टेरॉल गायब.

रात्रपाळी: कोलेस्टेरॉलचं विचारलंय कुणी? आणि लसणाने ते गायबही होत नाही.
पऱ्हाटी, हे आधी सांगायचं ना! पंपिंग ३५ म्हणजे हृदय कमकुवत, अशात इलेक्ट्रॉल मनाने पाजू नका, त्यात मीठ असतं, पाणी अंगात साठून दम लागू शकतो. उलट लघवीची गोळी आणि वर घाम, यात माणूस कोरडाही पडतो. दोन्हीकडून पेच आहे, म्हणून दीड लिटरचा हिशेब डॉक्टरांनीच आज नव्याने मांडायला हवा. मेटोप्रोलॉल एकदम तोडणं तर धोक्याचंच. रोज सकाळी वजन करतात का? झरझर उतरलं तर कोरडे पडताहेत. वाढलं, पाय सुजले, आडवं पडल्यावर दम लागला तर पाणी साठतंय. फोनची वाट बघू नका, दवाखान्यात न्या. रक्तातलं पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतील. छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा अंग तापून बरळू लागले तर सरळ १०८.

मिनेसोटाकर: आमच्याकडे अमेरिकेत उलटं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, त्यात लोक सकाळी उठून दम रोखून फावड्याने बर्फ उपसतात. दर हिवाळ्यात त्यात हार्ट अटॅक येतात. साठीनंतर बर्फ उपसायला माणूस लावा.

वऱ्हाडी झटका: अकोल्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे राह्यते.

चकलीचा सोऱ्या: कूलर आहे ना? खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. पारा ४०च्या वर असताना नुसता पंखा म्हणजे गरम झोत.

पार्लेकरीण: कूलर मुंबईत बिनकामाचा. दमट हवेत घामच वाळत नाही. खारघरला एप्रिल २०२३मध्ये महाराष्ट्र भूषण सोहळ्यात विदर्भाएवढा पारा नव्हता, तरी उन्हाने माणसं गेली.

वऱ्हाडी झटका: दुपारी लाइनच जाते, कूलरची काय आरती करता?

पऱ्हाटी: कूलरचं भांडण दुसरीकडे करा ना!! आईने आत्ता मोजलं, वरचं बीपी: बसून ९८, उभं राहून ८०. हे सांगायचं का डॉक्टरांना?

रात्रपाळी: तेच सगळ्यात आधी. गोळ्यांची पाकिटं आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट सोबत द्या. रिक्षा दारापर्यंत बोलवा, चालत नेऊ नका.

वऱ्हाडी झटका: जठारपेठेच्या बाजूला असाल तर सांगा, माह्याकडे गाडी आहे. एसी चालते.