आडवाटेचं फ्रान्स : नोआँचा वाडा (अनुभव, खाचाखोचा, सगळं चालेल)

उंबरठा
जुनी पर्स झटकताना शातोरू ते ला शात्र बसचं अर्धवट फाटलेलं तिकीट पडलं आणि नोआँ आठवलं. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच लेखिका जॉर्ज साँद, तिचं घर. पॅरिसच्या दक्षिणेला तीनशेएक किलोमीटर, बेरी प्रांतात.

राजवाडा बघायला जाणार असाल तर ल्वार नदीच्या काठीच थांबा, राजवाडे तिकडे. हा अठराव्या शतकाच्या शेवटचा सुखवस्तू वाडा आहे. साँदच्या आजीने तो १७९३ मध्ये विकत घेतला आणि साँद १८७६ मध्ये इथेच वारली. सामान जागच्या जागी आहे, मजा त्यातच. जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांच्या नावांच्या चिठ्ठ्यांसकट ताटं मांडलेली आहेत, वर मुरानोच्या काचेचं झुंबर.

आत मार्गदर्शकाबरोबरच फिरता येतं, आणि तो बोलतो फ्रेंचमधून. आधी फेरीची वेळ ठरवा, मग गाडी-बस बघा. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद. माहीतगारांनी भर घालावी.

पायपीट
पॅरिसहून गाडी ऑस्तरलिझ स्टेशनातून सुटते, गार द लियाँमधून नाही. दोन्ही स्टेशनं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, त्यामुळे घोळ होतोच. चुकलात तर पूल ओलांडून चालत या, मेट्रो शोधण्यात वेळ जातो.
शातोरू दोन तास. तिथून ला शात्रची बस. ला शात्रच्या पाच-सहा किमी आधी नोआँ.
बसचं वेळापत्रक शाळा चालू असताना वेगळं आणि शाळेच्या सुट्टीत वेगळं. एकाच कागदावर दोन्ही छापलेलं असतं, खालची बारीक टीप वाचा. लोक जुलैत जातात आणि शाळेच्या रकान्यातली बस बघत उन्हात उभे राहतात. रविवारी बसच्या भरवशावर जाऊच नये. परतीच्या शेवटच्या बसचा फोटो काढून ठेवा. आणि थांब्यावर नुसतं उभं राहू नका, बस दिसली की हात करा.

पेरूची फोड
आपल्या एसटीसारखंच की 😄

पायपीट
एसटी निदान धूळ उडवत येते, लांबून कळतं.

लिंबूटिंबू
उच्चाराचं कुणीतरी सांगा. नोहंट म्हटल्यावर ड्रायव्हर नुसते खांदे उडवतात.

उंबरठा
नोआँ. ह नाही, शेवटचा ट नाही. शातोरूमधला x पण नाही. साँदमधला द मात्र म्हणायचा. नियम विचारू नका.

सातारकर
गाडीने जाणाऱ्यांसाठी. पॅरिस-ऑर्लेआँ ए१०, ऑर्लेआँ-व्हिएर्झाँ ए७१, दोन्हीला टोल. व्हिएर्झाँपासून ए२० फुकट. शातोरूला उतरून डी९४३ धरा, हाच रस्ता नोआँवरून ला शात्रला जातो.

खरा घोळ गावात. पाटी किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला. गल्ली बोळाएवढी असली आणि तुम्ही मोठ्या रस्त्यावर असलात तरी. आपला पाय तिथे ब्रेकवर जात नाही आणि ठोकल्यावर चूक आपलीच धरतात. पत्त्यातल्या चौकटसारखी पिवळी पाटी दिसली तर हक्क तुमचा. तिच्यावर काळी काट असेल तर तो संपला.
लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी आली की ५०. वेगळी पाटी लागत नाही.
पंप बरेचदा बिनमाणसाचे. कार्डावर आधी मोठी रक्कम अडकवून ठेवतात, फॉरेक्स कार्डात तेवढी शिल्लक नसेल तर पंप सुरूच होत नाही. आणि गाझोल म्हणजे डिझेल! गॅसोलीन समजून पेट्रोलच्या गाडीत भरलंत तर किल्लीसुद्धा फिरवू नका, टाकी उपसावी लागते.

लिंबूटिंबू
सातारकर दादा, ऑटोमॅटिक मिळते का?

सातारकर
आधी मागितली तर. नाहीतर गिअरचीच हातात देतात, गिअर उजव्या हाताला. कुकर होतोय, नंतर येतो.

गवती चहा
संगीतकार शोपँचा पियानो बघायला जायचंय आम्हाला, कोणत्या खोलीत आहे?

तिसरी घंटा
तो नाहीये. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक फेरीभर तोच शोधतात. शोपँ तिथे सात उन्हाळे होता, १८३९ आणि मग १८४१ ते १८४६. नंतर त्याची खोली मोडून बदलली. राहिलंय ते दार, आवाज अडावा म्हणून गादी ठोकलेलं. मार्गदर्शक तिथे फार रेंगाळत नाहीत, त्या वेळी पुढे उभे राहा.
तयारी म्हणून ओपस ५८ चा सोनाटा (१८४४) आणि ओपस ५३ चा पोलोनेझ (१८४२) ऐकून जा. दोन्ही तिथलेच.

माझ्या मते घराचा जीव तळमजल्यावर आहे, नाटकघरात. खरा रंगमंच, आणि बाजूला बाहुल्यांचा. शंभरावर बाहुल्या. डोकी साँदचा मुलगा मोरीस लाकडात कोरायचा, कपडे ती स्वतः शिवायची. हातमोज्यासारख्या घालायच्या बाहुल्या आहेत, आपल्या पिंगुळीच्या कळसूत्रीसारख्या दोऱ्यांच्या नाहीत. उजेड मुद्दाम मंद असतो. फ्लॅश चालत नाही, फोन दोन्ही हातांनी धरून कोपर पोटाशी टेकवा, निदान हलणार नाही.

पेरूची फोड
स्वयंपाकघर विसरलात सगळे! तांब्याची भांडी आणि भिंतीवर घंट्यांची रांग, कुठल्या खोलीतून हाक आली ते कळायला. तेवढं एक आमच्याकडे हवं होतं, म्हणजे घंटा मी वाजवणार.

उंबरठा
😂 बाहेर पडल्यावर बागेतली देवदाराची दोन मोठी झाडं बघा, मुलांच्या जन्माची म्हणून सांगतात. साँदची कबर शेजारीच, घरच्या छोट्या दफनभूमीत.

पायपीट
आणि शेजारच्या विक गावातलं चर्च सोडू नका. दोन-अडीच किमी. बाराव्या शतकातली भित्तिचित्रं चुन्याखाली झाकली गेली होती, १८४९ मध्ये उघडी पडली. साँदने मेरिमेला कळवलं, तो ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक होता, म्हणून वाचली. आत शिरल्यावर पाच-दहा मिनिटं काही दिसत नाही, निघून येऊ नका, डोळे सरावले की ज्यूडास येशूचं चुंबन घेतो ते चित्र सापडेल. मुख्य रस्त्याच्या कडेने चालू नका, ट्रक असतात.

गवती चहा
शाकाहारी माणसाने खायचं काय पण? उपाशी परत यायचं नाहीये.

पेरूची फोड
बाराला जेवायला बसा. दोननंतर शेगडी बंद म्हणजे बंद. सोमवारी दुकानंही बंद असतात, पाव आदल्या दिवशी घ्या.
बटाट्याचा पाते मागा, म्हणजे मैद्याच्या दोन पोळ्यांत बटाटे भरून भाजलेला. पण 'सां लार्दाँ' म्हणा, नाहीतर डुकराचे तुकडे येतात. ईस्टरचा पाते तर मांसाचाच.
चीजमध्ये पुलिनी-सँ-पिएर, शेळीच्या दुधाचं, पिरॅमिडसारखं. कट्टर असाल तर 'प्रेझ्युर' हा शब्द बघा, ते वासराच्या पोटातलं विरजण.

गवती चहा
ईईई. बटाट्याचंच सांगा, घरी करता येईल?

पेरूची फोड
हो की. पाव किलो मैदा, सव्वाशे ग्रॅम गार लोणी, मीठ, लागेल तेवढं गार पाणी. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग दोन पोळ्या लाटा, सारण मधे. किलोभर बटाटे दोन-तीन मिमी चकत्या, धुवायचे नाहीत, पिठूळपणाने सायीला दाटपणा येतो. कांदा, पार्सली, मिरपूड. मीठ भरायच्या अगदी आधी, नाहीतर पाणी सुटून तळ गिच्च. वरच्या पोळीला मधोमध बोटभर भोक पाडून कागदाची नळी उभी करा. १८० वर सव्वा तास. सुरी आत सहज गेली की नळीतून २०० मिली कोमट साय थोडी थोडी ओता, गार ओतली तर वाफ थांबते आणि साय वरच राहते. मग दहा मिनिटं झाकून.

सातारकर
आलो. अमूलची चालेल का साय?

पेरूची फोड
ती २५ टक्केवाली, पातळ आहे. दीडशे मिलीच घाला.

सातारकर
आणि कोथिंबीर?

पेरूची फोड
दादा 🙏