कॅरी परमिट मिळालं, आता गोळ्या कुठल्या? (न्यू जर्सी)

एडिसनकर_७२

नमस्कार मंडळी. मी एडिसनला असतो, ग्रीन कार्ड आहे, छोटं ग्रोसरीचं दुकान आहे, रात्री साडेदहाला गल्ला घेऊन एकटाच पार्किंग लॉटमधून जातो. २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा ब्रुएनचा निकाल आला म्हणून पिस्तूल जवळ बाळगून बाहेर फिरायचं परमिट मिळालं, नाहीतर त्याआधी इथे 'जस्टिफायेबल नीड', म्हणजे खास गरज, दाखवा म्हणायचे आणि ती काही साध्या माणसाची कधी सिद्ध व्हायची नाही.

आता गोंधळ गोळ्यांचा. पिस्तूल ९ एमएम आहे. रेंजवर आजवर साधी एफएमजे मारली, म्हणजे ती गोल नाकाची, पूर्ण तांब्याचं वेष्टण असलेली. आमचे साडू टेक्सासात, ते म्हणतात एफएमजे भरून फिरणं हा शुद्ध मूर्खपणा, होलो पॉइंट घे, म्हणजे नाकाला खड्डा असलेली. मी दुकानात गेलो, काउंटरवरच्या माणसाने माझं बंदुकीचं कार्ड बघितलं आणि होलो पॉइंटची वीसची डबी काढून दिली, एक शब्द विचारला नाही. घरी आल्यावर बायकोने नेटवर वाचून दाखवलं की न्यू जर्सीत हे गुन्ह्यात बसतं. मग त्याने विकली कशी?? डबी सध्या कपाटात आहे आणि मी तिच्याकडे चोरासारखा बघतोय.

अजून दोन गोष्टी. एक ओळखीचा गराजमध्ये स्वतः काडतुसं भरतो, म्हणतो माझी घे, स्वस्त पण आणि फॅक्टरीपेक्षा भारी पण. आणि तिसरं, उद्या खरंच वेळ आली तर वकील कोर्टात गोळी हातात धरून "बघा, हा माणूस मारायच्याच तयारीने निघाला होता" असं म्हणू शकतो का? कृपया "बंदूकच कशाला" हा विषय नको, तो घरी रोज चालू आहे.

केटी_टेक्सास

तुमचे साडू बरोबर बोलतायत, आधी ते का ते सांगतो. १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट गेले, पाच जखमी. त्यात एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ एमएमची गोळी लागली होती, ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो माणूस त्यानंतर बराच वेळ गोळ्या झाडत राहिला. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर टेस्ट सुरू केल्या आणि माप ठरलं, गोळी कमीत कमी १२ इंच आत गेली पाहिजे आणि १८ च्या पुढे जायला नको. आजही बरेच उत्पादक डबीवर नाहीतर वेबसाइटवर त्याच मापाचा हवाला देतात.

एफएमजे काय करते, ती फुलत नाही, सरळ पार जाते. माणसातून पार, मग मागे जे कोण असेल ते. तुमच्या पार्किंग लॉटमध्ये मागे कुणाची तरी मिनीव्हॅन असणार आणि तिच्यात कार सीट असणार. होलो पॉइंटच्या नाकाला खड्डा असतो, आत गेल्यावर ती छत्रीसारखी उघडते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. पोलिस स्वतः तेच वापरतात. म्हणजे जे ऐकायला जास्त क्रूर वाटतं तेच शेजारच्यासाठी जास्त सुरक्षित. इथे २०२१ पासून कॅरीला परमिटसुद्धा लागत नाही, गोळीचं तर कुणी नावही काढत नाही. तुमचं राज्य अजब आहे राव.

पार्सिपनीची_मावशी

केटीवाल्या दादांनी फिजिक्स बरोबर सांगितलं पण त्यांचं ऐकून कुणी इकडे होलो पॉइंट भरून निघालं तर हातकड्या. मी अकरा वर्षं रेंजवर जातेय, दर वर्षी कुणीतरी नवीन माणूस हाच प्रश्न विचारतो.

एडिसनकर, दुकानदाराने बेकायदा काही केलेलं नाही. आपल्या कायद्यात होलो नोज (म्हणजे होलो पॉइंटच) गोळी बाळगणं हा फोर्थ डिग्री क्राइम आहे, १८ महिन्यांपर्यंत कैद. पण त्यातच पुढे सूट लिहिली आहे, स्वतःच्या घरात किंवा स्वतःच्या जागेत ठेवता येते, आणि विकत घेतली तिथून घरी नेता येते. रेंजवर नेण्याची वेगळी सूट आहे, पिस्तूल रिकामं, डबीत बंद, डिकीत. म्हणजे कपाटातली तुमची डबी पूर्ण कायदेशीर आहे, चोरासारखं बघू नका. तीच डबी उघडून मॅगझिनमध्ये भरली आणि कमरेला लावून दाराबाहेर पाऊल टाकलं की गुन्हा. कॅरी परमिट पिस्तुलाचं आहे, त्याने होलो पॉइंटला परवानगी मिळत नाही. उंबरठ्याच्या आत सोवळं, बाहेर ओवळं, असा प्रकार आहे. शहाणपणाचा कायदा आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही, पण आहे तो असा आहे.

मग कॅरीला काय? इथले बहुतेक लोक पॉलिमर टिपवाली गोळी वापरतात, हॉर्नाडीची क्रिटिकल डिफेन्स किंवा क्रिटिकल ड्यूटी. तिच्या नाकातला खड्डा रबरासारख्या लाल टोकाने बुजवलेला असतो (म्हणून दुकानात पोरं तिला लिपस्टिक म्हणतात). न्यू जर्सी स्टेट पोलिसांनी स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलंय की खड्डा भरलेला असेल तर ती होलो नोज धरली जात नाही. ते पान प्रिंट करून मी ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये ठेवलंय, कारण रात्री अडवणाऱ्या हवालदाराला ते पाठ असेलच असं नाही. आणि मॅगझिन दहा गोळ्यांचंच, पंधराचं कुणी भेट दिलं तरी नको.

एक अजून, हे मी नवऱ्याच्या बाबतीत पकडलं. रोज दुकानातून आल्यावर पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवता ना? सकाळी परत भरता? तीच वरची गोळी रोज नळीत जाते-येते आणि हळूहळू काडतुसात मागे दबते. नवीन गोळीशेजारी टेबलावर उभी करून बघा, बुटकी झालेली दिसते. अशी गोळी उडाली तर आतलं प्रेशर भलतंच वाढतं. वरची गोळी आलटून पालटून वापरा, बुटकी दिसली की बाजूला काढा.

एडिसनकर_७२

मावशी, आत्ता उठून बघितलं. आहे बुटकी!! केसभर, पण आहे.

जर्सीसिटी_काळा_कोट

मावशींनी निम्मं काम केलं. मी वकील आहे पण तुमचा वकील नाही, हे आधी.

गोळी बघून ज्युरी बिथरते का, या प्रश्नावर लोक एक केस सांगतात ती खरी आहे. २००४, अॅरिझोना, एक निवृत्त शिक्षक डोंगरात एकटा हाइक करत होता, कुत्री अंगावर आली, मग त्यांचा मालक धावून आला, याने १० एमएमच्या होलो पॉइंट झाडल्या. सरकारी वकिलाने खटल्यात त्या पिस्तुलाची ताकद आणि गोळ्यांचा प्रकार दोन्ही ज्युरीपुढे रंगवले. सेकंड डिग्री मर्डर, दहा वर्षं. २००९ ला अपील कोर्टाने तो निकाल फिरवला, पण तोवर तीन वर्षं आत काढून झाली होती. आता लक्षात घ्या, फक्त गोळ्यांमुळे तो आत गेला असं म्हणणं चूक आहे, मुख्य वाद होता समोरच्याच्या हातात शस्त्र नसताना गोळी चालवणं गरजेचं होतं का हा. गोळीचा मुद्दा फोडणीसारखा वरून येतो, डाळ आधी शिजलेली असावी लागते. उत्तरही सोपं असतं, पोलिस वापरतात त्याच प्रकारची, कारखान्यात बनलेली, दुकानातून पावतीने घेतलेली. पावती ठेवा.

म्हणूनच गराजवाल्या मित्राला नम्रपणे नाही म्हणा. १९८९ मध्ये आपल्याच राज्यात एक प्रकरण झालं, बायकोचा गोळी लागून मृत्यू, नवरा म्हणतो तिने स्वतःवर झाडली, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये घरी भरलेली, कमी दारूची काडतुसं. गोळी किती अंतरावरून लागली हे दारूच्या कणांवरून काढतात, त्यासाठी तशीच गोळी लॅबमध्ये झाडून बघावी लागते. तशीच म्हणजे कुठली? तुम्ही वहीत लिहिलं असेल अमुक ग्रेन दारू घातली, तर ते तुमचंच म्हणणं, लॅब ते का मानेल? खटल्यावर खटले झाले आणि माणूस कफल्लक झाला. कारखान्याच्या डबीवर लॉट नंबर असतो, तसलाच माल बाजारातून आणून टेस्ट करता येतो. हा फरक पैशाने भरून निघत नाही.

पण खरं सांगू का, गोळीपेक्षा पाय महत्त्वाचे. न्यू जर्सीत घराबाहेर पूर्ण सुरक्षितपणे मागे हटता येत असेल तर हटायलाच हवं, नाहीतर जीव घेणारं बळ वापरणं समर्थनीय ठरत नाही. टेक्सासात तशी अट नाही, म्हणून साडूंचा सल्ला विमानातून उतरताना तिथेच ठेवायचा. स्वतःच्या घरात ही अट बहुतेक नाही. आणि गल्ला हा जीव नव्हे. चोर पिशवी घेऊन पळाला, पाठ दिसतेय, तर ती पाठ बघत उभं राहायचं आणि ९११ लावायचा. ज्या माणसांच्या फायली मी बघतो त्यातले बरेच शेवटच्या तीन सेकंदांत घसरलेत, कुणाच्याही गोळीचा ब्रँड मला आठवत नाही.

आता आपल्या लोकांसाठी खास. ग्रीन कार्डवर असाल तर बंदुकीसंबंधीचं कन्व्हिक्शन हे डिपोर्टेशनचं स्वतंत्र कारण आहे, शिक्षा एक दिवस झाली की वर्ष याच्याशी देणंघेणं नाही. "गोळी म्हणजे बंदूक नव्हे" असा वाद घालता येतो, कायद्यात त्याला जागाही आहे, पण तो इमिग्रेशन जजसमोर उभं राहून घालायची हौस कुणाला? अमेरिकन नागरिकाला जे प्रोबेशनवर सुटतं ते आपल्याला मुंबईच्या विमानात बसवू शकतं. आणि एच-वन-बी वाले जे गुपचूप वाचतायत त्यांनी ऐका, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा गोळी बाळगणं फेडरल गुन्हा आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. रूममेटची डबी तुमच्या ड्रॉवरमध्ये हे पण बाळगणंच.

पार्सिपनीची_मावशी

वकीलसाहेब, आणि ती फिलाडेल्फियाची बाई सांगा की. २०१३, दोन लहान मुलांची आई, पेनसिल्व्हेनियाचं परमिट, पूल ओलांडून इकडे आली, ट्रॅफिकसाठी अडवलं तर स्वतःहून म्हणाली पिस्तूल आहे. आत होलो पॉइंट. काही आठवडे तुरुंगात बसली बिचारी, शेवटी २०१५ ला गव्हर्नर क्रिस्टींनी माफी दिली तेव्हा प्रकरण कायमचं मिटलं. तिच्या राज्यात ती जे रोज करत होती तेच इथे गुन्हा. उलट बाजूने आपलं परमिट पण न्यूयॉर्कमध्ये चालत नाही, हॉलंड टनेलच्या आधी आठवलं पाहिजे, नंतर यू-टर्न नाही.

फुकट_इतिहास

अवांतर. ही फुलणारी गोळी जगात 'दमदम' नावाने बदनाम झाली, ते दमदम म्हणजे कोलकात्याजवळचं, जिथे आता विमानतळ आहे. १८९० च्या दशकात ब्रिटिशांच्या तिथल्या कारखान्यात बनली. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी घातली. म्हणून सैन्य एफएमजे वापरतं आणि पोलिस होलो पॉइंट, लोकांना वाटतं उलट असायला हवं. चालू द्या.

डोंबिवली_ते_डलस

एडिसनकर, एक कळकळीची विनंती. रेंजवर नेता ती बॅग आणि भारतात नेता ती बॅग वेगळी ठेवा. माझ्या चुलतभावाचं झालं. लॅपटॉपची बॅग, तीच रेंजवर, तीच प्रवासाला. इकडून निघताना स्कॅनरमध्ये काही दिसलं नाही, परत येताना मुंबईला दिसलं. एक काडतूस, चेनच्या कप्प्यातल्या शिवणीत अडकलेलं. तिथे कुणी ऐकून घेत नाही की बाबा अमेरिकेत किराणा दुकानासारखं मिळतं, आर्म्स अॅक्टखाली गुन्हा, आणि ९ एमएम तर तिकडे सामान्य माणसाला मिळतच नाही, प्रोहिबिटेड बोअर, त्यामुळे पोलिसांचे डोळे अजून मोठे. विमान गेलं, रात्र पोलिस ठाण्यात. हायकोर्टात अशा केस पुष्कळदा रद्द होतात, जाणूनबुजून जवळ बाळगलं नव्हतं, कॉन्शस पझेशन नव्हतं या मुद्द्यावर. पण "रद्द होतात" हे दोन शब्द म्हणजे काय ते त्याला विचारा, वकील, जामीन, पासपोर्ट, आणि इकडे नोकरीवर रजा वाढवून मागताना कारण काय लिहायचं? काकू तर अजून शेजारी सांगतात की त्याला टायफॉइड झाला होता.

केटी_टेक्सास

बरं, माघार घेतो, होलो पॉइंट इकडेच ठेवतो 😄 पण लाल टोकाची घेतलीत तर आधी पन्नासेक स्वतःच्या पिस्तुलातून मारून बघा, अडकत नाही ना ते. महाग पडतं पण एकदाच.

एडिसनकर_७२

सगळ्यांना मनापासून थँक्यू, विशेषतः मावशींना. झालेले निर्णय असे. होलो पॉइंटची डबी कपाटातच राहणार, घरासाठी (आमचं टाउनहाउस, भिंतीपलीकडे गुजराती काका-काकू झोपतात, पिस्तुलाची कुठलीही गोळी ते ड्रायवॉल फोडणारच हे मला आता कळलंय, त्यामुळे बेडरूमची कुठली भिंत त्यांची आणि कुठली बाहेरची हे टेप लावून बघितलं). कॅरीला लाल टोकाची. गराजवाल्याला सांगितलं की वकील नको म्हणतो. गल्ल्याचं मात्र बायकोने सोडवलं, ती म्हणाली रात्री कॅश घेऊन निघतोसच कशाला, सकाळी उजेडात बँकेत टाक. आठ वर्षं मला हे सुचलं नव्हतं.

आणि डोंबिवलीकर, तुमचं वाचून उठलो आणि काळी बॅग टेबलावर उलटी केली. पार्किंगच्या पावत्या, लेकीचा अर्धा क्रेयॉन, एक चार्जर, आणि सगळ्यात शेवटी टणकन एक एफएमजे. डिसेंबरमध्ये पुतण्याची मुंज आहे, तिकिटं काढलेली आहेत. बॅग गराजमध्ये टांगली आणि तिच्यावर मार्करने मोठ्ठं "रेंज" लिहिलं. प्रवासाला बायकोची निळी.