मेणवलीच्या निमित्तानं: गावाकडचा वाडा टिकवायचा तर तो वापरायचा कशासाठी?

कडीपाट (धागाकर्ता)

गावाकडच्या वाड्याचा विषय निघाला की "मूळ वापर जपा" असं कुणीतरी म्हणतंच. म्हणून वाईजवळच्या मेणवलीचं उदाहरण घेतो. 1768 मध्ये हे गाव नाना फडणवीसांना मिळालं आणि कृष्णेकाठी सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळं उभी राहिली. नानांचा मुक्काम बहुतेक पुण्यातच. म्हणजे हा वाडा पहिल्यापासून रोजच्या राहण्याचा नव्हताच. गावाचा कारभार, येणंजाणं आणि दप्तर यांसाठी होता. 1800 मध्ये नाना वारले. पेशवाई गेल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाई इथे राहिल्या. मोडी कागद पुढे इतिहाससंग्राहक द. ब. पारसनिसांच्या हाती गेले आणि ते मेणवली दप्तर आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. अलीकडच्या तीसेक वर्षांत वाडा आणि घाट हिंदी सिनेमाला परिचित झाले. घाटावरच्या देवळाची घंटाही पोर्तुगिजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेतून आलेली, मुळात चर्चची. आता यात मूळ वापर कोणता, सांगा.

माझं मत असं, की अशा वाड्याला चित्रीकरण सगळ्यात कमी त्रासाचं. माणसं येतात, आठ-दहा दिवसांत जातात, नवीन नळ लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही. आणि पैसा हवाच. हे वाडे इनामाच्या उत्पन्नावर उभे होते. 1948 चा कुळकायदा आणि 1952 चा वैयक्तिक इनामे रद्द करणारा कायदा आल्यावर तो झरा आटला. वाडा मात्र पूर्वीइतकाच खातो.

पागोळी

साफ असहमत. वाडा पैशाअभावी पडत नाही, माणसाअभावी पडतो. वर्षाचं काम बघा. चैत्र-वैशाखात कौलं फेरायची, पन्हळी साफ करायच्या, चौकातलं पाणी बाहेर नेणारी मोरी उपसायची, प्रत्येक खांबाच्या तळखड्याशी, म्हणजे खालच्या दगडाशी, वाळवीची मातकट नळी दिसते का ते पाहायचं. आषाढात दर मोठ्या सरीनंतर माळ्यावर जाऊन ओल शोधायची. याला पैसा फार लागत नाही, रोजची नजर लागते. एक कौल सरकलं की पाणी वाशावरून भिंतीच्या माथ्यावर येतं आणि तिथून तुळईच्या भिंतीत दडलेल्या टोकात शिरतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, आत टोकाचा भुगा झालेला असतो. चार-पाच पावसाळे असे गेले की एके दिवशी अख्खा खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, खाली.

चूल पेटती असायची तेव्हा धुरानं लाकूड कोरडं राहायचं, किडा कमी लागायचा. सारवण व्हायचं तेव्हा जमिनीची भेग त्याच आठवड्यात कळायची. चित्रीकरणवाले यातलं काय करणार?

ते काय करतात तेही सांगते. चुन्याच्या गिलाव्यावर चिकटपट्टी लावतात. ती काढताना वरचा पापुद्रा सोबत येतो. मेणवलीत भिंतींवर जुनी चित्रं आहेत, तिथे एक पट्टी म्हणजे एक चेहरा गेला. सागवानात लोखंडी खिळे ठोकतात. खिळा गंजून फुगतो आणि लाकडाला उभी चीर जाते. "जुनं दिसायला" म्हणून प्लॅस्टिक इमल्शन फासतात; मग भिंतीतली ओल बाहेर पडायला जागाच राहत नाही. आणि साठ माणसं एका वेळी वरच्या सज्जात.

कडीपाट

हे सगळं खरं, पण हे करारात बांधता येतं. खिळा आणि चिकटपट्टी बंद. सगळं नेपथ्य स्वतःच्या पायावर उभं, पायाला रबर. कॅमेऱ्याचे रूळ थेट फरशीवर नाहीत, खाली प्लायवूड. जनरेटर वाड्याबाहेर, लाकडी भागापासून निदान 30 मीटर. रंग फक्त चुन्याचा, तोही नेपथ्याच्या वेगळ्या फळ्यांवर. आधी आणि नंतर प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो, परत करायची अनामत रक्कम, आणि वाड्याचा एक माणूस पूर्ण वेळ हजर. वर किती माणसं जातील तो आकडा जिन्याच्या तोंडाशी लिहून लावायचा.

पागोळी

तो आकडा काढणार कसा? नव्या इमारतींसाठीचं भारतीय मानक राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतं आणि खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहाला 500 किलो. दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद सज्जाला 200 च्या हिशेबानं चार टन, म्हणजे साठेक माणसं. पण हा आकडा नव्या, तपासलेल्या जमिनीचा. अडीचशे वर्षांच्या कडीपाटाला, म्हणजे कड्यांवर पाट टाकलेल्या लाकडी जमिनीला, तो लावायचा नाही. तिथे आधी प्रत्येक कडी दाभणानं टोचून पाहा, हातोडीनं ठोकून आवाज ऐका, मग निम्म्यानं सुरुवात करा. आणि नाचाचं दृश्य असेल तर तेही नको, कारण ठेका धरून पडणारा भार उभ्या भारापेक्षा वाईट.

चुनाभट्टी

दोघांचं भांडण रंगलंय, पण आलेल्या पैशाचं पुढे काय होतं ते बघा. पहिला चेक आला की मालक सिमेंट आणतो. खालचा दगड-विटांचा भाग ओल धरतो, सोडतो. त्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढला की ओल वर चढत जाते, क्षार विटेच्या आत साठतात, लोणा लागतो आणि दोन-तीन वर्षांत गिलावा विटेची कातडी घेऊनच पडतो. मग त्यावर आणखी सिमेंट!

चुन्याचं काम असं: कळीचा चुना पाण्यात विरवून निदान दोन आठवडे पाण्याखालीच ठेवायचा, जितका जास्त तितका बरा. मग गाळून घ्यायचा, म्हणजे न विरलेले खडे निघून जातात. ते राहिले तर भिंतीत गेल्यावर विरतात, फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), एक ते दोन भाग वाळू, सगळं चुन्याच्या घाणीत दळायचं. थर 10 ते 12 मिलिमीटर, त्यापेक्षा जाड एकदम नाही. पहिला आवळला की दुसरा. निदान आठवडाभर ओलं पोतं टांगून ठेवायचं. उन्हात घाईनं वाळवलेला गिलावा हाताला पिठासारखा लागतो, मग "चुना कमजोर" म्हणून बोंब.

तुळईचं टोक कुजलं असेल तर कुजका भाग कापून त्याच जातीच्या जुन्या सागाचा तिरका जोड द्यायचा. टेकू देऊन जॅकनं उचलायचं, पण दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच. एका दिवसात सरळ करायला गेलात की वरच्या विटा फाकतात.

पाहुणचार

चित्रीकरणाचं उत्पन्न आज आहे, उद्या नाही. पाहुण्यांना खोल्या द्या. माणसांची रोजची ये-जा असेल, पागोळीताईंना हवी ती नजरही राहील. गोव्यात केपेचा डीनचा वाडा पाहा. 1787 चा, एका धर्मगुरूनं बांधलेला. पुढे निराधार स्त्रियांचं आश्रयस्थान झाला, नंतर दुरुस्त होऊन आता आधी कळवलं तर जेवण मिळणारं घर. चांदरचं मिनेझिश ब्रागांझा घर तर अजून राहतं आहे आणि पाहायलाही खुलं आहे.

पागोळी

केपेत लोक जेवून जातात, मुक्कामाला न्हाणीघर मागत नाहीत. खरी मेख न्हाणीघरात आहे. पाहुण्याला खोलीला लागून हवं. दोन बाय दीड मीटरचं न्हाणीघर वरच्या मजल्यावर काढा: 10 सेंटिमीटरचा स्लॅब पाऊण टन, सांडपाण्याचा ट्रॅप जमिनीत बुडवायला 25 सेंटिमीटर विटांची भर सव्वा टनाच्या वर, साडेचार इंची नव्या भिंती पाच मीटर म्हणजे अडीच टनांच्या वर. पावणेपाच टन, चार-पाच कड्यांवर. पाण्याची टाकी अजून धरलेली नाही. आणि गळती कळणार कशी? खालच्या पाटावर काळा डाग उमटतो तेव्हा वरचं सहा महिने भिजलेलं असतं.

पाहुणचार

वरच्या मजल्यावर काढा असं म्हटलंच कुणी? गोठा किंवा परसातली मोकळी जागा घ्या, स्वतंत्र जोत्यावर एकमजली न्हाणीघरांची ओळ बांधा, वाड्याच्या भिंतीला हात न लावता. रात्री चौक ओलांडून जावं लागेल, ते खोली देतानाच सांगा. ज्याला नको तो वाईत हॉटेल बघेल. शोषखड्डा आडापासून निदान 15 मीटर लांब, उताराच्या खालच्या बाजूला. वीज भिंतीत खाचा पाडून नाही, तुळईच्या बाजूनं धातूच्या नळीतून, आणि 30 मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच हवाच. कोरडं सागवान पेटलं तर अग्निशमन गाडी येईपर्यंत काय उरतं ते पुण्याच्या विश्रामबागवाड्यानं 1879 मध्ये पाहिलंय.

मोडीवाचक

विश्रामबाग काढलाच आहे तर तोही बघा. दुसऱ्या बाजीरावाचा महाल, 1821 पासून संस्कृत पाठशाळा, आग, नंतर नगरपालिकेची कचेरी. मेणवलीत संग्रहालय आणि दप्तर परत का नको? कागद जिथले तिथे यावेत.

चुनाभट्टी

कागद अजिबात नकोत. वाईच्या बाजूला पावसाळ्यात हवा महिनोन्महिने ओली. कागदाला बुरशी आणि कसर. सतत आर्द्रता राखणारी यंत्रं लावली तर त्याच खोलीचं लाकूड एका बाजूनं वाळून वाकतं. कपाटभर दप्तराचं वजनही पाहुण्यांपेक्षा जास्त, आणि ते रात्रीही उठून जात नाही. प्रती आणा, अस्सल कागद पुण्यात राहू द्या.

सातबारा

इथे सगळे असं धरून चाललेत की निर्णय घेणारा एक मालक आहे. बहुतेक गावठाणातल्या वाड्यांना ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, चौदा-पंधरा नावं, त्यातली निम्मी हयात नाहीत. एका हिस्सेदारानं चित्रीकरणाला दिला की दुसरा नोटीस पाठवतो. वाटप होतं तेही खणांनी: तीन खण तुझे, चार माझे. मग सोप्याच्या मधोमध भिंत, चौकात कुंपण, आणि जी मोरी सगळ्या चौकाचं पाणी नेते ती कुणाच्याच हिश्श्यात नाही. ती तुंबली की जोत्यात पाणी मुरतं. वाडे पडण्याचं हे कारण मी वाळवीच्या वर ठेवेन. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीनं सातारा भागातले अनेक वाडे गेले, पण त्यातून वाचलेल्यांपैकी कित्येक नंतर वाटपानं गेले.

चांदरच्या घराचेही दोन शाखांत भाग झाले आहेत, पण उभे: इकडची बाजू एकाची, तिकडची दुसऱ्याची, दर्शनी भाग एकच. आपल्याकडे करायचं तर खण वाटू नका, उत्पन्न वाटा. वाडा एकाच न्यासाच्या किंवा कुटुंबसंस्थेच्या नावावर, आणि छप्पर व मोरीचा खर्च उत्पन्नातून आधी बाजूला काढून उरलेलं हिश्श्यांनी.

कडीपाट

हे पटलं. मग चित्रीकरण की पाहुणे, हे तरी न्यासानं ठरवायचं ना?

पागोळी

ठरवा. पण एक चौक राहता ठेवा, भाड्यानं नाही, राखणाऱ्या कुटुंबासाठी फुकट. त्यांची चूल तिथेच. उरलेल्या पाचांत काय करायचं ते करा. चित्रं असलेल्या खोल्या मात्र दोन्ही यादीतून बाहेर.

मोडीवाचक

चुनाभट्टी, एक विचारायचं राहिलं. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी किती घालायचं?

चुनाभट्टी

एक ठरावीक माप नाही, चुना आणि वाळू बदलली की बदलतं. त्याच भिंतीच्या आडबाजूला हातभर चौकोनांचे चार नमुने लावा, मापं प्रत्येकाशेजारी लिहून ठेवा आणि महिनाभर थांबा. नखानं ओरखडा येतो का, कडेनं भेग जाते का, ठोकल्यावर पोकळ वाजतं का ते बघून घाणी सुरू करा. हे नमुने दिवाळीनंतर लावा. मे महिन्यात लावलेत तर पाऊस येण्याआधी उत्तर मिळणार नाही.